शनिवार-रविवारची बुद्धिबळ स्पर्धा : फेऱ्यांची आखणी आणि वेळेचे गणित

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत वाचलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात नाटक व्हावे, गाण्याची बैठक व्हावी, गणेशोत्सव नेहमीपेक्षा थोडा थाटाने साजरा व्हावा, याविषयी आपल्या कार्यकारिणीत कधी दुमत झाले नाही. शहरातील सर्वभाषी खेळाडूंसाठी बुद्धिबळाची खुली स्पर्धा घ्यावी, हा ठरावही एकमताने संमत झाला. अडचण उभी राहिली ती वेळापत्रक कागदावर मांडताना. एका सदस्यांनी सात फेऱ्या सुचविल्या. दुसऱ्यांनी सुचविले, की खेळ मोठ्या स्पर्धांना शोभेल असा व्हावा. प्रत्येक खेळाडूस दीड तास द्यावा आणि शिवाय दर चालीमागे अर्धे मिनिट वाढवून द्यावे. दोन्ही सूचना उत्तम होत्या आणि दोन्हींचे स्वागत टाळ्यांनी झाले. मात्र त्या दोन्ही एकत्र अमलात आणावयाच्या तर नुसत्या खेळाला अठ्ठावीस तास लागतात, आणि सभागृह आपल्या हाती दोन दिवसांत मिळून जेमतेम वीस तास आहे. हे आम्ही बोलून दाखविले, आणि आजच्या भाषणाचे काम आमच्याकडे आले.

आमची पदवी कलाशाखेची. गणिताशी आमचा संबंध शाळेतच संपला. परंतु केंद्र सरकारच्या नोकरीत कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लावण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली असल्याने, माणसे, जागा आणि तास या तिहींचा मेळ बसविताना काय हाल होतात हे आम्ही जाणतो. बुद्धिबळाच्या स्पर्धेचे वेळापत्रक ही त्याच जातीची गोष्ट आहे. फरक इतकाच, की कचेरीत पाळी चुकली तर फाईल उद्यावर जाते. स्पर्धेत वेळ चुकली तर कोणाचा तरी जिंकलेला डाव हातचा जातो.

आपल्यापैकी अनेकांनी बुद्धिबळ आजोबांच्या मांडीवर, कापडी पटावर शिकले असेल. तो देशी डाव होता. प्यादे पहिल्या चालीत एकच घर पुढे सरके, आणि प्याद्याने केलेली मात ही सर्वांत मानाची समजली जाई. त्या डावाला घड्याळ नव्हते. दुपारी ओटीवर मांडलेला पट दिवेलागणीला घरातून हाक येईपर्यंत चाले, आणि खेळणारा विचारात गढला तर समोरच्याने तेवढ्यात पान जमवून घ्यावे अशी रीत होती. वेळेची ही श्रीमंती दोघांच्या खेळात शोभते. चाळीस माणसे एकाच दालनात बसली की ती परवडत नाही.

युरोपातही प्रारंभी हाच प्रकार होता. १८५१ साली लंडन येथे पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा विचार करण्यास कसलीही मर्यादा नव्हती. एलायजा विल्यम्स या खेळाडूच्या मंदगतीविषयी हॉवर्ड स्टाँटन यांनी केलेल्या तक्रारी बुद्धिबळाच्या इतिहासात अजरामर झाल्या आहेत. स्टाँटन हे त्या काळचे मोठे खेळाडू आणि तितकेच मोठे तक्रारखोर. तथापि तक्रारीत तथ्य होते. पुढे दहा वर्षांनी, अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे आली. १८८३ सालच्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या टी. बी. विल्सन यांनी योजलेली जोडघड्याळे वापरली गेली : एक चालू केले की दुसरे थांबावे, ही युक्ती तेव्हापासूनची. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र सोडीत. ते बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटका भरली. हल्लीच्या जलद डावात खेळाडूस पुष्कळदा पंचवीस मिनिटे देतात, म्हणजे एक घटका आणि वर एक मिनिट! उपाध्येबुवांना हा खेळ फार लवकर समजला असता.

आता फेऱ्यांकडे वळू. समजा, चाळीस खेळाडू आले. साखळी पद्धतीने प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे तर एकोणचाळीस फेऱ्या आणि सातशे ऐंशी डाव होतात. बाद पद्धत घ्यावी तर सहा फेऱ्यांत निकाल लागतो. परंतु हरलेला प्रत्येक जण पहिल्याच पराभवाला घरी जातो. रात्रभर प्रवास करून आलेल्या, अकरा-बारा वर्षांच्या मुलास एका डावानंतर परत पाठविणे हे आमच्या मते यजमानास शोभणारे नाही. या दोन टोकांच्या मधली वाट स्वित्झर्लंडमध्ये निघाली. १८९५ साली झूरिच येथील स्पर्धेत डॉ. ज्युलियस म्यूलर यांनी ती प्रथम अमलात आणली. म्हणून तिला स्विस पद्धत म्हणतात.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. कोणीही बाद होत नाही. पहिल्या फेरीत मानांकनाप्रमाणे यादी करून तिचे दोन भाग पाडतात, आणि वरच्या भागातील पहिल्याची गाठ खालच्या भागातील पहिल्याशी घालतात. चाळिसांत पहिल्याची एकविसाव्याशी, दुसऱ्याची बाविसाव्याशी. त्यानंतर प्रत्येक फेरीत समान गुण असलेले परस्परांशी खेळतात. एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा गाठ पडत नाही, आणि पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून मिळतात. खेळाडूंची संख्या विषम झाली तर तळाच्या एकास पुढे चाल मिळते, तीही एकास एकदाच. पूर्वी या जोड्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर नावे लिहून, टेबलावर पत्ते मांडून लावीत, आणि त्यात तासभर सहज जाई. आता संगणक ते काम क्षणात करतो. वेळापत्रकातील हा एक तास आपल्याला फुकट मिळाला आहे. तो फेरी वाढविण्यात घालवू नये, एवढेच आमचे म्हणणे.

किती फेऱ्या पुरेत? दोनास दोनाने गुणीत जावे. दोनाचा पाचवा घात बत्तीस, सहावा चौसष्ट. बत्तीस खेळाडूंत पाच फेऱ्यांनंतर सर्व डाव जिंकलेला एकच जण उरतो. चौसष्टांत त्यास सहा फेऱ्या लागतात. आपले चाळीस मध्येच पडतात. एकही डाव बरोबरीत सुटला नाही असे धरले, तर पहिल्या फेरीनंतर पूर्ण गुणांचे वीस, दुसऱ्या फेरीनंतर दहा, तिसऱ्या फेरीनंतर पाच जण राहतात. पाच ही विषम संख्या. चौथ्या फेरीत त्यांपैकी एकास खालच्या गटाशी खेळावे लागेल, आणि तो जिंकला तर तिघे, हरला तर दोघे पूर्ण गुणांवर उरतील. दोघे असले तर पाचव्या फेरीत प्रश्न मिटला. तिघे असले तर अखेरीस दोघे बरोबर राहण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात बरोबऱ्या होतात, आणि चित्र याहून सौम्य असते. म्हणून पाच फेऱ्या आम्हांस पुरेशा वाटतात. सातव्या फेरीपर्यंत आघाडीचे सर्वजण एकमेकांशी खेळून मोकळे झालेले असतात, आणि मग पहिल्याची गाठ बाराव्याशी घालण्याची वेळ येते.

दोघांचे गुण समान झाले तर? त्यासाठी बुखोल्झ यांची रीत आहे, १९३२ सालची : आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळविलेल्या गुणांची बेरीज ज्याची अधिक, तो वर. कठीण माणसांशी खेळून मिळविलेल्या गुणास अधिक मान, असा त्याचा अर्थ. परंतु पहिले पारितोषिक वाटून दिले म्हणून जग बुडत नाही, हेही ध्यानी असावे. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले होते. एक महाराष्ट्राचे, एक आंध्रचे. परमुलखात मंडळ चालविणाऱ्या आम्हां लोकांना तो निकाल विशेष आवडतो.

फेऱ्यांचा प्रश्न असा गुणाकाराने सुटतो. घड्याळाचा प्रश्न तसा सुटत नाही, कारण त्यात माणसाचा स्वभाव येतो.

जुन्या यांत्रिक घड्याळात एक मोठा गुण होता. प्रत्येकास एक तास दिला की दोन तासांनी डाव संपणारच. लाल निशाण पडले की निकाल. आयोजकास याहून सुखाची गोष्ट नाही. मात्र खेळाडूस तितकेच दुःख. हत्ती आणि चार प्यादी अधिक असलेला माणूस केवळ शेवटची वीस सेकंदे उरली म्हणून हरतो, आणि समोरचा नुसती मोहरी इकडून तिकडे हलवीत घड्याळावर हात आपटीत राहतो. यावर नियमांत तोड आहे. आधी तसे जाहीर केलेले असेल, तर शेवटच्या दोन मिनिटांत खेळाडू पंचांकडे जाऊन ‘समोरचा सरळ मार्गाने जिंकू शकत नाही, डाव बरोबरीत सोडवावा’ अशी मागणी करू शकतो. पण मग निर्णय पटावरून उठून पंचांच्या डोक्यात जातो, आणि पंचांस शत्रू मिळतात.

बॉबी फिशर यांनी यावर घड्याळातच उपाय शोधला. त्यांच्या घड्याळाला १९८९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि १९९२ साली स्पास्की यांच्याशी झालेल्या त्यांच्या दुसऱ्या सामन्यात ते जगाने पाहिले. दर चालीबरोबर खेळाडूच्या खाती काही सेकंद जमा होतात. ज्याला जिंकता येते, त्याला निदान हात उचलण्यापुरता अवकाश मिळतो. हे वाढीव सेकंद तीस किंवा त्याहून अधिक असतील, तर शेवटपर्यंत चाली लिहून ठेवाव्या लागतात. कमी असतील, तर पाच मिनिटांहून कमी वेळ उरल्यावर लिहिण्यातून सुटका होते.

परंतु आयोजकाचे सुख मात्र गेले. आता डाव कधी संपेल याची हमी नाही. हिशेब करावयाचा तो साठ चालींचा, असा संकेत आहे. एक तास आणि दर चालीस तीस सेकंद धरले, तर साठ चालींत एका बाजूस नव्वद मिनिटे, म्हणजे डाव तीन तासांचा. तोच डाव शंभर चालींवर गेला तर तीन तास चाळीस मिनिटे. आणि लक्षात घ्या, चाळीसपैकी अडतीस जण मोकळे झाले तरी पुढची फेरी त्या उरलेल्या दोघांसाठी थांबते. वेळापत्रक नेहमी सर्वांत लांबलेल्या डावाच्या मापाने शिवावे लागते, सरासरीच्या नव्हे.

हे न केल्यास काय होते, ते आम्ही एका बदलीच्या गावी पाहिले आहे. स्थळ आणि संस्था यांची नावे घेण्याचे कारण नाही. दोन दिवसांत सहा फेऱ्या, सढळ वेळ, आणि दोन फेऱ्यांमध्ये कागदावर पंधरा मिनिटांचे अंतर. पहिल्या दिवशी तिसरी फेरी रात्री साडेदहाला संपली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेरीची वेळ आली तेव्हा दालनाच्या दाराशी स्वागतसमारंभासाठी फुलांच्या टोपल्या येऊन पडल्या होत्या. तेव्हा आयोजकांनी जाहीर केले, की शेवटची फेरी प्रत्येकी पंधरा मिनिटांची होईल. त्या वेळी आघाडीवर एक शाळकरी मुलगी होती. पाच फेऱ्या ती डोके दोन्ही हातांत धरून, एकेका चालीस दहा-दहा मिनिटे देत खेळली होती. तिची सारी ताकद त्या सावकाशपणात होती. शेवटच्या डावात ती एका प्याद्याने वरचढ असताना वेळेवर हरली. वडील रेल्वेत होते, मराठीच होते. त्यांनी तक्रार केली नाही. आमच्याजवळ येऊन एवढेच विचारले, की खेळाचा प्रकार शेवटच्या फेरीला बदलता येतो का हो? नियमपुस्तकात पाहावयास गेलो असतो तर उत्तर मिळाले असते. त्यांना ते त्या क्षणी उपयोगाचे नव्हते. मुलीची गाडी सुटण्याची वेळ झाली होती.

जलद खेळ कनिष्ठ, असे मात्र कोणी समजू नये. २०२५ साली बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्याचा निकाल २८ जुलै रोजी जलद डावांतच लागला. कोनेरू हंपी यांच्याशी तिचे दोन संथ डाव बरोबरीत सुटले होते. येथे, महाराष्ट्रापासून इतक्या दूर, किती घरांत त्या संध्याकाळी दूरध्वनीच्या पडद्यावर पट उघडला होता हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. मात्र तेथे जलद डाव होणार, हे दोघींना स्पर्धा सुरू होण्याआधी ठाऊक होते. सारा भेद इतकाच आहे.

इतर देशांत या दोन दिवसांच्या गणिताला निरनिराळी उत्तरे निघाली. इंग्लंडात शुक्रवारी सायंकाळी एक फेरी, मग शनिवारी दोन आणि रविवारी दोन अशी पाच फेऱ्यांची प्रथा रूढ आहे. शुक्रवारी ज्यास कचेरीतून निघता येत नाही, त्यास आधी कळविल्यास त्या फेरीचा अर्धा गुण देतात. अमेरिकेत काही स्पर्धांना दोन वेळापत्रके असतात : एका गटाने आदल्या दिवसापासून सावकाश खेळावे, दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी येऊन आरंभीच्या फेऱ्या जलद उरकाव्या, आणि मग दोन्ही प्रवाह एकत्र व्हावेत. कल्पना चतुर आहे. परंतु तिला पंच दुप्पट लागतात आणि आपल्याकडे मुळात दीड आहे. (अर्धे आम्ही.) पूर्वी अपुरे डाव लिफाफ्यात चाल बंद करून तहकूब ठेवीत, किंवा एखाद्या जाणकाराकडे निर्णयासाठी पाठवीत. संगणक घरोघरी आल्यावर तहकूब डावात अर्थ उरला नाही. रात्रीतून खेळाडूऐवजी त्याचे यंत्रच खेळणार!

तर आमची सूचना अशी. प्रत्येकास पंचेचाळीस मिनिटे आणि दर चालीस पंधरा सेकंद. साठ चालींत एका बाजूस बरोबर साठ मिनिटे होतात. नियमांप्रमाणे जलद डाव म्हणजे दहा मिनिटांहून अधिक आणि साठ मिनिटांहून कमी. आपला डाव त्या रेषेच्या पलीकडे, नुसता पाऊल टेकवून उभा आहे. डाव दोन तासांचा. शंभर चालींचा झाला तरी दोन तास वीस मिनिटे. पंधरा सेकंद ही आमच्या वयाच्या लोकांनाही पुरतात. आपले एक ज्येष्ठ सभासद आहेत, वय ऐंशीच्या घरात. त्यांची बुद्धी तल्लख आहे, पण हात कापतो, उंट उचलताना शेजारचे प्यादे पडते. सरळ एका तासाच्या घड्याळात ते शेवटच्या मिनिटास हरतील. पंधरा सेकंदांत त्यांना प्यादे उभे करून घड्याळ दाबता येते; हे आम्ही त्यांच्या घरी घड्याळ नेऊन पाहिले आहे.

शनिवारी पहिली फेरी साडेदहाला. स्पर्धा जानेवारीत आहे, आणि या प्रांतातील धुके आपण जाणता. पहाटेची गाडी नऊला येते आणि नऊची दुपारी. म्हणूनच उशिराची सवलत पत्रकात लिहावी. पूर्वी एका तासाची सवलत सर्वत्र गृहीत धरीत. आजचा नियम कडक आहे : आयोजकांनी काही लिहिले नसेल तर सवलत शून्य, आणि घड्याळ सुरू होताना जो खुर्चीवर नाही तो हरला. आपण तीस मिनिटे लिहावीत. उशीर झालेल्याचे घड्याळ अर्थात चालूच राहील. दुसरी फेरी दोनला, तिसरी पाचला. सव्वासात-साडेसातपर्यंत सर्व मोकळे होतील, आणि मुले वेळेवर झोपतील. रविवारी साडेनऊला चौथी, एकला पाचवी. साडेतीनच्या आत शेवटचा डाव संपावा, आणि चारला पारितोषिक वितरण. सायंकाळच्या गाड्या सर्वांना मिळतात. आम्ही वेळापत्रक पाहून ठेवले आहे, रेल्वेचेही.

भोजन समितीस एक विनंती. शनिवारी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीमध्ये दीड तासाचा अवकाश राहतो. त्यात जेवण वाढावे, परंतु श्रीखंड-पुरी रविवारी सायंकाळसाठी राखून ठेवावी. दोनच्या फेरीपूर्वी श्रीखंड वाढणे म्हणजे यजमान खेळाडूंनी पाहुण्यांवर केलेली अप्रत्यक्ष मात होय, असा आरोप येऊ शकेल. साधा वरणभात, भाजी, ताक.

घड्याळांचे म्हणाल, तर वाढीव सेकंद देणारी विद्युत घड्याळे वीस पटांना वीस हवीत. आपल्याजवळ आठ आहेत. शहरातील क्लबाने सहा देण्याचे मान्य केले आहे. उरलेली सहा सभासदांच्या मुलांकडून जमवावयाची आहेत. ज्यांच्या घरी असतील त्यांनी नाव लिहून, नव्या सेलसह शुक्रवारी सायंकाळी सातपर्यंत आणून द्यावीत, म्हणजे ती रात्रीच लावून ठेवता येतील. वीस पुरी झाली नाहीत, तर सर्वच पटांवर सरळ एक तास द्यावा. निम्म्या पटांवर एक घड्याळ आणि निम्म्यांवर दुसरे, असे होऊ देऊ नये. तो निर्णयही शुक्रवारी रात्रीच व्हावा, आणि शनिवारी सकाळी पहिल्या फेरीपूर्वी फलकावर लागावा. पंचांकडे दाद मागण्याचा शेवटच्या दोन मिनिटांचा नियमही त्याच फलकावर लिहावा लागेल.

आणि कार्यकारिणीकडे एक मागणी आहे. रविवारी सायंकाळी सात वाजेपर्यंत सभागृहाची किल्ली आमच्याकडे राहील, आणि त्या दिवशी दुसरे कोणतेही कार्य त्या दालनात घेतले जाणार नाही, असे आम्हांस लेखी मिळावे. तोंडी नको.